आय क्रीमचं आश्वासन किती खरं? अकोल्याच्या प्रकरणाच्या निमित्ताने

"डॉक्टर, डोळ्यांखाली फार काळं झालंय, कोणतं क्रीम लावू?" लग्नसराईच्या आधीच्या दोन महिन्यांत सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही जनरल डॉक्टरला हा प्रश्न सतत ऐकू येतो. बहुतेक वेळा ती मुख्य तक्रार नसते. ताप, पोटदुखी, बीपीची गोळी असं सगळं बोलून झालं की उठता उठता विचारलं जातं. विचारणारी कधी मुलगी असते, कधी तिची आई, आणि हल्ली मुलगेही विचारतात. मोबाइलवर एखाद्या ट्यूबचा फोटो असतो. काळी वर्तुळं गायब, सूज गायब, सुरकुत्या गायब, तेही दोन आठवड्यांत.

छोटं उत्तर असं आहे. कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेलं आय क्रीम सहसा धोकादायक नसतं, आणि सहसा खोक्यावर लिहिलंय तेवढं कामही करत नाही. लेबल नसलेल्या डबीतलं क्रीम मात्र कधी कधी खरंच काम करतं. आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसतो, शेजारी विचारायला लागतात. घाबरायला हवं ते तिथे. हे वाक्य उलटं वाटेल, म्हणून आधी अकोल्यात काय झालं ते सांगतो.

अकोल्याचं प्रकरण

२०२३ च्या सुरुवातीला ही बातमी आली. अकोल्यातल्या एका तरुणीने ओळखीच्या ब्यूटिशियनकडून चेहऱ्याला लावायचं क्रीम घेतलं होतं. चेहरा उजळला. तो इतका उजळला की आई आणि बहीणही तेच क्रीम वापरायला लागल्या. काही महिन्यांनी तिघींच्याही किडनीला सूज आल्याचं निदान झालं. एकाच घरात, थोड्याच काळात, तिघींना किडनीचा आजार होतो म्हटल्यावर स्थानिक डॉक्टरांना शंका आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांची मदत घेतली गेली, तिघींच्या वापरातल्या वस्तू एकेक करून तपासल्या गेल्या आणि शेवटी क्रीमची डबी सापडली. तिच्यात पारा होता, आणि तो मान्य मर्यादेच्या हजारो पट होता.

केरळमध्ये याच सुमारास असंच चित्र दिसत होतं. मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या एका रुग्णालयातल्या किडनीतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी नावाच्या आजाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यातल्या १५ जणांमध्ये या आजाराचा एक दुर्मिळ उपप्रकार निघाला. त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं सांगितलं. एका रुग्णाच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला, ही त्यातली चांगली बाजू. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन सौंदर्य' नावाने दुकानांवर छापे घातले.

पारा क्रीममध्ये का घालतात? कारण तो काम करतो. त्वचेत रंगद्रव्य तयार करणारं जे एन्झाइम असतं, त्याला तो रोखतो. रंग झपाट्याने उतरतो. लिंबू, हळद, व्हिटॅमिन सी यांना जे महिनोन्‌महिने जमत नाही ते पारा दहा-पंधरा दिवसांत करून दाखवतो, आणि स्वस्तात. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. गाळणीच्या जाळीला इजा झाली की रक्तातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जायला लागतं.

आता यातला सगळ्यात विचित्र भाग पाहा. अशी किडनी बिघडली की पहिली खूण कुठे दिसते? डोळ्यांभोवती. सकाळी उठल्यावर पापण्या जड, डोळ्यांखाली पिशव्या. म्हणजे क्रीमने आलेली सूज घालवायला माणूस आणखी क्रीम लावत बसण्याची शक्यता आहे.

डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी नियम वेगळा आहे

ही गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. भारताच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सनुसार सर्वसाधारण सौंदर्यप्रसाधनात पारा घालताच येत नाही. नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. पण फक्त डोळ्यांच्या भागासाठी असलेल्या प्रसाधनांना हीच मर्यादा ७० भागांची आहे. एवढी सवलत कशासाठी? डोळ्यांजवळ लावायच्या वस्तूत जंतू वाढले तर डोळा जाऊ शकतो, आणि पाऱ्याची संयुगं जुन्या काळापासून जंतुनाशक म्हणून वापरली जात होती. आता त्यासाठी सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत, त्यामुळे ही सवलत मला जुनाट वाटते.

पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधल्या जिनिव्हा बैठकीत पारा मिसळलेली सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं. भारत या कराराचा सदस्य आहे. पण एक लक्षात घ्या. अकोल्यासारख्या प्रकरणात प्रश्न एक की सत्तर हा नसतोच. तिथे हजारांचा हिशेब असतो, आणि ती डबी कुठल्याच नियमाखाली बनलेली नसते. कायदा कितीही कडक केला तरी पार्लरच्या कपाटातून, ओळखीच्या ताईंकडून किंवा 'परदेशातून आणलंय' म्हणून हातात येणाऱ्या डबीपर्यंत तो आपोआप पोचत नाही. तिथे तुम्हालाच बघावं लागतं.

कसं बघायचं? डबीवर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी हवी. परदेशी वस्तू असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी असा कुठलाही शब्द दिसला तर डबी बाजूला ठेवा. आणखी एक खूण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे: क्रीमला सोनं, चांदी, ॲल्युमिनियम किंवा दागिने लागू देऊ नका अशी सूचना असेल तर त्यात पारा असू शकतो. पारा लागला की सोनं पांढरं पडतं. विटा-खानापूरकडच्या गलाई व्यवसायातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. 'रात्री लावताना मंगळसूत्र काढून ठेवा' असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा.

पण काळेपणा आहे कशाचा?

क्रीम काम करतं का, या प्रश्नाचं उत्तर काळेपणा कशामुळे आलाय यावर अवलंबून आहे. जाहिरातीत सगळी वर्तुळं एकसारखी असतात. प्रत्यक्षात तशी नसतात.

पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ त्वचा आहे, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली चरबी कमी आणि रक्तवाहिन्या जवळ. काही जणांना तिथे खरंच रंगद्रव्य जास्त असतं, तो काळेपणा तपकिरी दिसतो. आपल्याकडे हा प्रकार भरपूर आहे आणि बऱ्याच घरांत तो वारशाने येतो. आई, मावशी, आजी यांचे जुने फोटो काढून बघा, निम्मं निदान तिथेच होतं. काहींना पातळ त्वचेतून खालच्या शिरांचा रंग दिसतो, तो निळसर-जांभळा असतो. झोप कमी झाली, चेहरा फिका पडला की तो जास्त उठून दिसतो. आणि काहींना रंग नसतोच, असते ती सावली. वयानुसार किंवा वजन उतरल्यावर डोळ्याखाली खळगा तयार होतो, वरच्या उंचवट्याची सावली त्यात पडते.

घरी बघायचं असेल तर खिडकीसमोर आरसा धरा. उजेड समोरून चेहऱ्यावर पडल्यावर काळेपणा बराच कमी झाला तर ती सावली आहे. मग खालच्या पापणीची त्वचा बोटाने हलकेच ताणा. तपकिरी रंग तसाच राहिला तर रंगद्रव्य, जांभळट छटा वाढली तर शिरा. बऱ्याच जणांत दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात, त्यामुळे याला परीक्षा समजू नका, अंदाज समजा.

सावलीवर कुठलंही क्रीम चालत नाही. खळगा क्रीमने भरत नाही. शिरांचा रंग क्रीमने थोडा, तात्पुरता कमी होतो. रंगद्रव्यावर काही क्रीम काही महिन्यांत थोडा परिणाम करतात. एवढ्यावरून कळेल की 'सर्व प्रकारच्या काळ्या वर्तुळांवर' असं लिहिलेली ट्यूब काय सांगते आहे.

आता आम्हा जनरल डॉक्टरांना जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग. डोळ्यांभोवतीचा बदल हा कधी कधी आतल्या आजाराचा फलक असतो.

रक्त कमी असणं हे त्यातलं सगळ्यात नेहमीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. चेहरा फिका पडला की डोळ्यांखालचा काळेपणा गडद भासतो. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लोहाच्या गोळ्याही तिथे मिळतात. गोळ्यांनी वर्तुळं जातीलच असं नाही, वारशाने आलेली जाणार नाहीत. पण जिना चढताना लागणारा दम जाईल, पाळीतला थकवा कमी होईल. आठशे रुपयांची ट्यूब घेणारी मुलगी सात हिमोग्लोबिनवर कॉलेजला जात असेल तर पैसा चुकीच्या जागी चाललाय, हे घरातल्यांना स्पष्ट सांगायला मला संकोच वाटत नाही.

दुसरं, ॲलर्जी. सर्दी, शिंका, डोळ्यांना खाज, आणि मग डोळे चोळणं. चोळून चोळून त्वचा जाड आणि काळी होते. कृष्णाकाठी गळीत हंगामात कारखान्याची काजळी अंगणात पडते, पाठोपाठ धूळ आणि पिकांचे परागकण. शाळकरी मुलांत डोळ्यांखाली कायम काळं दिसत असेल आणि मूल तळहाताने नाक वर घासत असेल तर आधी ॲलर्जीवर उपचार हवेत. मुलांना आय क्रीमची काहीच गरज नाही. सुरमा आणि घरगुती काजळही नको. बाजारात मिळणाऱ्या काही सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे.

सूज असेल तर थायरॉइडची तपासणी. डोळ्यांच्या कोपऱ्यात नाकाकडच्या बाजूला पिवळट, मऊ चट्टे दिसले तर कोलेस्टेरॉलची तपासणी. अशा चट्ट्यांवर महिनोन्‌महिने क्रीम चोळण्यात काही अर्थ नाही. आणि रोज सकाळी डोळे सुजतात, संध्याकाळी पाय सुजतात, लघवीला फेस येतो आणि तो लवकर विरत नाही, असं असेल तर त्याच दिवशी लघवीची प्रथिनांसाठी तपासणी. ही अगदी स्वस्त तपासणी आहे, तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये काही तासांत रिपोर्ट मिळतो. लहान मूल सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी उठतं आणि घरचे 'डास चावला असेल' म्हणतात, अशा मुलांमध्ये किडनीचा नेफ्रॉटिक सिंड्रोम निघू शकतो. चार-पाच दिवस डास चावत नाही.

ट्यूबमध्ये नेमकं काय असतं

परवानाधारक आय क्रीममध्ये फार गूढ असं काही नसतं. मुख्य भाग पाणी, तेलकट पदार्थ आणि ओलावा धरून ठेवणारे घटक, उदाहरणार्थ ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिड. कोरड्या त्वचेतल्या बारीक रेषा ओलावा मिळाला की लगेच कमी दिसतात. हे खरं आहे, आणि साध्या मॉइश्चरायझरनेही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतल्यावर रेषा परत येतात.

कॅफिन सुजेसाठी घालतात. रक्तवाहिन्या आकसाव्यात ही कल्पना. २०११ मध्ये थायलंडमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात कॅफिन असलेलं जेल आणि कॅफिन नसलेलं तेच जेल यांची तुलना केली, तेव्हा फारसा फरक निघाला नाही. सूज उतरली ती बहुधा जेलच्या गारव्याने. गार पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ सुती रुमाल पाच मिनिटं ठेवला तरी गारवा मिळतो.

रेटिनॉलचा मामला थोडा गंभीर आहे. त्याच्या नात्यातलं ट्रेटिनोइन हे औषध सुरकुत्यांवर काम करतं याला चांगला पुरावा आहे. रेटिनॉल त्याच दिशेने काम करतं, पण सौम्य, आणि निकाल दिसायला तीन-चार महिने लागतात. सुरुवातीला त्वचा लाल होते, सोलते, आणि पापणीजवळ हा त्रास जास्त होतो. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर रेटिनॉल वापरू नका. लग्नाच्या आधी सुरू करून लग्नानंतरही चालू ठेवणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

व्हिटॅमिन सी आणि नायसिनामाइड यांनी रंगद्रव्यावर थोडा परिणाम होतो, तोही उन्हापासून संरक्षण केलं तरच. पेप्टाइड, स्टेमसेल, सोन्याचे कण वगैरे शब्दांवर पैसे खर्च करावेत असा पुरावा मला दिसत नाही.

उन्हाचं मात्र खरं. तासगावला द्राक्षबागेत घड विरळणीला उभं राहणाऱ्या बाईच्या डोळ्यांखालच्या रंगद्रव्यावर मोठी किनार असलेली टोपी, ओढणी आणि सनस्क्रीन यांचा जेवढा फायदा होईल तेवढा महागड्या ट्यूबचा होणार नाही. घरगुती उपायांमध्ये हळदीचा लेप सगळ्यात लोकप्रिय. सांगलीची हळद नावाजलेली आहे, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. जेवणात जरूर घाला. पापणीच्या त्वचेला मात्र हळदीनेही पुरळ येऊ शकतं, लिंबाच्या रसाने तर त्वचा भाजते, आणि भाजलेल्या जागी नंतर आणखी काळं पडतं.

किमतीचा हिशेब मी लोकांना असा करून दाखवतो. समजा १५ मिलिलिटरची ट्यूब ६०० रुपयांना आहे, म्हणजे मिलिलिटरला ४० रुपये. ५० मिलिलिटरचं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर ३०० रुपयांना आहे, म्हणजे मिलिलिटरला ६ रुपये. घटकांच्या यादीतली पहिली पाच-सहा नावं दोन्हींवर वाचा. ती सारखीच निघाली तर जास्तीचे ३४ रुपये कशाचे, ते दुकानदाराला विचारा.

आश्वासनावर लगाम कोणाचा?

औषध आणि सौंदर्यप्रसाधन यांच्यात कायद्याने मोठा फरक आहे. औषध बाजारात आणण्याआधी ते परिणाम करतं हे नियामकाला दाखवावं लागतं. प्रसाधनाला तसं नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्रसाधनाचं काम स्वच्छ करणं, सुशोभित करणं, रूप बदलणं एवढंच सांगितलं आहे. ते सुरक्षित असावं, दिशाभूल करणारं लिहिलेलं नसावं, ही अपेक्षा आहे. पण 'चौदा दिवसांत फरक' हे विक्रीआधी कुणी तपासून पाहत नाही.

हा फरक किती मोठा आहे हे २०२४ मध्ये डोळ्यांच्याच एका थेंबांवरून दिसलं. मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या 'प्रेसव्ह्यू' या पिलोकार्पिनच्या थेंबांना केंद्रीय औषध नियामकाने २० ऑगस्टला परवानगी दिली. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसण्याच्या तक्रारीसाठी ती होती. लगेच बातम्या आल्या की आता वाचायचा चष्मा सुटणार, पंधरा मिनिटांत दिसायला लागणार. नियामकाने कंपनीकडे खुलासा मागितला, आणि अशा दाव्यांना आपण मंजुरी दिलेलीच नव्हती असं सांगत १० सप्टेंबरला परवानगी निलंबित केली. आपण खोटं किंवा अनैतिक काही सांगितलेलं नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. तो वाद बाजूला ठेवू. मुद्दा हा की औषधाच्या दाव्यावर तीन आठवड्यांत हात पडला, कारण ते औषध होतं आणि काय म्हणायची परवानगी आहे हे कागदावर लिहिलेलं होतं. शेजारच्या काउंटरवरच्या आय क्रीमसाठी असा कागदच नसतो.

क्रीमच्या बाबतीत तक्रार झाली तरच हालचाल होते, आणि सावकाश होते. ब्रिटनमध्ये २००९ साली ओले ब्रँडच्या डोळ्यांच्या एका क्रीमची जाहिरात तिथल्या जाहिरात नियामकाने दिशाभूल करणारी ठरवली. साठी गाठलेल्या प्रसिद्ध मॉडेल ट्विगी यांच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या छायाचित्रात संगणकावर पुसल्या होत्या. आपल्याकडे दिल्लीच्या ग्राहक मंचाने डिसेंबर २०२४ मध्ये इमामी कंपनीला पुरुषांच्या गोरेपणाच्या क्रीमच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १४.५ लाख रुपयांचा दंड केला. ती तक्रार २०१३ ची होती, आणि क्रीम होतं ७९ रुपयांचं. एका ग्राहकाने अकरा वर्षं चिकाटी ठेवली, म्हणून निकाल लागला.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. क्रीमच वाईट निघालं असेल तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे करायची.

'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं' या शब्दांचा अर्थ बहुधा एवढाच असतो की काही लोकांच्या त्वचेवर लावून पुरळ येतं का ते पाहिलं. वर्तुळं गेली का, हा प्रश्न त्यात नसतो. 'दहापैकी आठ स्त्रिया समाधानी' म्हणजे त्यांना प्रश्नावली दिली होती. मोजमाप केलं होतं का, ते बारीक अक्षरांत शोधा.

स्टिरॉइडची ट्यूब: याबद्दल कमी बोललं जातं

पाऱ्याच्या बातम्या होतात. आमच्या भागात मला त्याहून जास्त दिसतो तो स्टिरॉइडचा वापर. मेडिकलमध्ये जाऊन 'काळ्या डागांचं क्रीम द्या' म्हटलं की बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन अशा तिहेरी मिश्रणाची ट्यूब हातात पडते. त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. व्यवहारात काय होतं हे तुम्हालाही माहीत आहे. एका घरात एकाला लिहून दिलेली ट्यूब चौघं वापरतात.

आठवडाभरात चेहरा उजळ आणि मऊ होतो, इथेही क्रीम 'काम करतं'. मग ट्यूब बंद केली की लाली, आग, पुरळ, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. त्वचा आणखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, आणि काळेपणा घालवायला घेतलेल्या औषधाने डोळ्यांखालचा जांभळटपणा वाढतो. पण खरी भीती डोळ्याची. पापणीवर महिनोन्‌महिने लावलेलं स्टिरॉइड डोळ्यात उतरतं. डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, कमी वयात मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूत सहसा दुखत नाही. कडेची नजर हळूहळू जाते, आणि गेलेली परत येत नाही.

अशी ट्यूब पापण्यांजवळ महिना-दोन महिन्यांहून जास्त वापरली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन डोळ्याचा दाब मोजून घ्या. ट्यूब सोबत न्या. एकदम बंद करण्याने त्रास वाढू शकतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊन कमी करत बंद करा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे.

घरात अशी डबी असेल तर

लेबल नसलेली डबी कुणी वापरत असेल तर आजच थांबवा. रागावू नका. लपवलं तर आम्हाला कळणार नाही, आणि डॉक्टरांनी 'काही लावता का' विचारल्यावर बहुतेक जणी 'काही नाही, घरचंच' म्हणतात. सासूबाईंसमोर किंवा नवऱ्यासमोर सांगायला अवघड वाटत असेल तर एकट्याने बोलायचंय असं डॉक्टरांना सांगा. तो तुमचा हक्क आहे.

लघवीची तपासणी करा: प्रथिनं जातात का, एवढं आधी पाहिलं तरी पुरे. सोबत बीपी आणि क्रिएटिनिन. काही सापडलं तर किडनीतज्ज्ञांकडे जा आणि डबी बरोबर घ्या. अकोल्यात निदान लागलं ते डबी टाकून दिली नव्हती म्हणून.

घरातल्या इतरांचीही तपासणी करावी का? क्रीम वापरणाऱ्या बाईच्या उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर पारा लागतो, त्याची वाफ होते, आणि तिच्या कुशीत झोपणाऱ्या बाळाच्या अंगात तो जाऊ शकतो. म्हणून आई अंगावर पाजत असेल किंवा घरात तान्हं मूल असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. ते टॉवेल आणि अभ्रे वेगळे काढून ठेवा, बाकीच्या कपड्यांत धुऊ नका.

आणि डबी मोरीत रिकामी करू नका, चुलीत किंवा कचऱ्यात जाळू तर अजिबात नका, पारा धुरातून घरभर पसरतो. झाकण घट्ट लावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत द्या. कुठून घेतली, किती दिवस लावली, कितीला घेतली, हे एका कागदावर लिहून पिशवीत ठेवलंत तर त्यांना त्या दुकानापर्यंत पोचायला मदत होईल.